फाइल शोधायला ‘एव्हरीथिंग’: एका डीटीपीवालीचा अनुभव

कोल्हापुरात माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांती, श्रद्धांजलीचे फलक. 2011 पासूनच्या सगळ्या फाइली ठेवल्यात, कारण थोरलीच्या लग्नाची पत्रिका केलेलं गिऱ्हाईक धाकटीच्या वेळी येऊन म्हणतंच, “ताई, मागचीच काढा, नावं तेवढी बदला.”

आणि ती मागची फाइल सापडत नसते. दुकानात तीन हातांनी फाइली सेव्ह झाल्यात. कुणी ‘पाटील’ लिहिलंय, कुणी ‘पाटिल’.

व्हॉइडटूल्सचं ‘एव्हरीथिंग’ विंडोजवर फुकट मिळतं. एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची नेहमीची पद्धत) ड्राइव्हवर फाइलींच्या नावांची नोंद आधीच असते, हा प्रोग्राम तीच वाचतो. त्यामुळे टाइप करता करता यादी समोर येते. पण माझं मन जिंकलं ते ? आणि * या दोन खुणांनी. विंडोजमध्ये फाइलीच्या नावात या खुणा चालतच नाहीत, म्हणून शोधताना त्या बिनधास्त वापरता येतात. ? म्हणजे नेमकं एक चिन्ह, * म्हणजे कितीही, एकही नसलं तरी चालतं. संगणकाच्या लेखी वेलांटी हे वेगळं चिन्ह आहे, म्हणून ‘*पाट?ल*’ लिहिलं की ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही पाटील हजर!

दोन्ही टोकांचे स्टार विसरू नका. साधं ‘पाटील’ लिहिलं तर नावात कुठेही असलेलं सापडतं, पण खूण घातली की मूळ सेटिंगप्रमाणे अख्खं नाव जुळावं लागतं. नुसत्या ‘पाट?ल’ला ‘पाटील लग्न 2016’ येणार नाही. सेटिंग बदलता येतं, पण मला स्टारच बरे वाटतात.

जोडाक्षराच्या जागी ? टाकू नका. ‘क्ष’ आपल्याला एक दिसतो. संगणकाला क, हलन्त, ष अशी तीन चिन्हं दिसतात. तिथे सरळ *. ‘*ल*मी*’ लिहिलं की लक्ष्मी येते, सोबत चार नको ती नावंही येतात, तेवढं चालवून घ्यायचं.

फाइलीच्या आतला मजकूरही शोधता येतो, पण त्याची यादी आधी तयार नसते, त्यामुळे वेळ लागतो. त्यासाठी मी हे वापरत नाही. फॅट32 या दुसऱ्या, जुन्या पद्धतीचा पेनड्राइव्ह आपोआप यादीत येत नाही, त्यावरचं फोल्डर सेटिंगमध्ये जाऊन जोडावं लागतं. जुन्या कामांचे दोन पेनड्राइव्ह मी तसे जोडून घेतलेत.