पाणी तपकिरी झालं म्हणजे विष निघालं असं सांगून बाबांना ३२ हजाराला गंडवलं

तुमच्या सोसायटीत "मोफत हेवी मेटल तपासणी शिबीर" असा बोर्ड लागला असेल तर आधी हे वाचा आणि घरातल्या मोठ्या माणसांना पण वाचून दाखवा.

आमचे बाबा भोसरी एमआयडीसीत क्रोम प्लेटिंगला (धातूच्या वस्तूंवर क्रोमियमचा मुलामा चढवायचं काम) होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. शिबिरात त्यांच्या हातात एक धातूची दांडी दिली, दांडीची वायर लॅपटॉपला, आणि मिनिटभरात रंगीत रिपोर्ट हजर. लेड लाल, मर्क्युरी लाल, कॅडमियम लाल, आर्सेनिक पण लाल! मग तो पांढऱ्या कोटातला पोरगा गोड आवाजात विचारतो, काका नोकरी कुठे केलीत? प्लेटिंग म्हटल्यावर त्याला लॉटरीच लागली. म्हणे क्रोमियमने कॅन्सर होतो, गुगल करा. बाबांनी केलं आणि ते खरंच निघालं. प्लेटिंगच्या टाकीवरची क्रोमियम सिक्सची, म्हणजे क्रोमियमच्या घातक प्रकाराची, वाफ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आर्सेनिक आणि कॅडमियम पण कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत आहेत. एवढं खरं सांगून पुढचं सगळं खोटं खपवायचं, हीच यांची ट्रिक.

तर ३२ हजारात पाय बुडवायचं डिटॉक्स मशीन आणि तीन डबे कॅप्सूल. कोमट पाणी, चमचाभर मीठ, पाय आत, बटण चालू. थोड्या वेळात पाणी चहासारखं तपकिरी, वर मळकट फेस, आणि बाबा आम्हाला बोलावून दाखवतायत की बघा काय काय निघालं अंगातून. मला शंका आली म्हणून एकदा ते झोपल्यावर मी तसंच मीठ टाकून मशीन लावलं, टबात पाय कुणाचेच नाहीत. तरी पाणी तेवढंच तपकिरी!! आत लोखंडाच्या पट्ट्या असतात, मिठाच्या पाण्यात करंट सोडला की त्या गंजतात, तो गंज म्हणजे यांचं विष.

मग ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले दांडी धरून कुठलाही धातू मोजता येत नाही, लेडसाठी रक्त द्यावं लागतं, आर्सेनिकसाठी लघवी, आणि त्याआधी काही दिवस मासे बंद नाहीतर आकडा उगाच वाढून येतो. जुन्या क्रोमियमचा हिशोब आता लघवीत सापडणार नाही आणि पायातून तर तो निघतच नाही, त्यापेक्षा खोकला, थुंकीतून रक्त, वजन उतरणं याकडे लक्ष ठेवा आणि प्लेटिंगची नोकरी प्रत्येक डॉक्टरला सांगा.

कॅप्सूलचा डबा त्यांनी उलटा-पालटा करून बघितला, ना लायसन्स नंबर ना बॅच नंबर, आत काय आहे ते पण नाही. लगेच बंद करा म्हणाले, असल्या बेनामी औषधात कधी कधी लेड आणि पाराच सापडतो. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली होती, २००४ साली छापून आलं, त्यात १४ मध्ये लेड, पारा किंवा आर्सेनिक निघालं. बाबांची लेड टेस्ट केली, थोडं वाढलेलं आलं, बंद केल्यावर परत केली तर उतरलं होतं. आता कॅप्सूलमुळेच होतं का ते डबा लॅबला दिल्याशिवाय ठामपणे म्हणता येणार नाही, पण माझा संशय तिकडेच.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू का, बाबांच्या शर्टाच्या खिशात तंबाखूची पुडी कायम असते, त्या पोराला समोर दिसत होती. तंबाखूत कॅडमियम पण असतं, निकेल पण, आणि तोंडाचा कॅन्सर तर तंबाखूने होतो हे शाळेतल्या पोरालाही माहितीये. पण पुडी सोडा म्हणण्यात ३२ हजार कुठून मिळणार? डॉक्टरांनी मात्र सगळ्यात आधी तीच टेबलावर काढून ठेवायला लावली.

पैशाचं म्हणाल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीये. त्यांचं पॅम्फ्लेट पण जोडलंय, त्यात "कॅन्सर मुळापासून बरा" असं छापलंय आणि कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदीच आहे. पोराचा फोन बंद लागतोय. तक्रार भरताना लक्षात आलं की पावतीवर जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही, नुसता शिक्का.