घरची विनाचालक गाडी की सगळ्यांची विनाचालक बस?

घरची असेल तर गोव्यातले लोक अशा गाडीत लवकर बसतील. दारातल्या वस्तूचा भरवसा वाटतो. पण पणजीचं काय? अठरा जून नावाच्या रस्त्यावर आजच पार्किंग मिळत नाही. मालकाला दुकानाशी उतरवून गाडी रिकामीच घिरट्या घालेल, नाहीतर म्हापशाला घरी परत जाईल. म्हणजे मांडवीच्या पुलावर दोनाच्या जागी चार खेपा. विजेवर चालली तरी रस्ता तेवढाच अडणार.

सगळ्यांची छोटी बस मला कितीतरी बरी वाटते. कदंब, म्हणजे आमची सरकारी बस, हमरस्त्यावर सोडते. पुढे वाड्यापर्यंत पायपीट, नाहीतर पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी. तिथे ही हवी. अडतं ते विश्वासापाशी. माझी आई चढतानाच कंडक्टरला सांगते, "बाबा, देवळाकडे थांबव हां." तो तिची पिशवी वर घेतो. अमेरिकेत फिनिक्सला वेमो कंपनीच्या विनाचालक टॅक्सी 2020 पासून लोकांसाठी खुल्या आहेत, पण तिथले रस्ते रुंद, सरळ, कोरडे. आमच्याकडे पावसात रस्त्यावरचा पट्टा दिसत नाही, वळणावर गुरं बसलेली. निदान पहिली काही वर्षं त्या बसमध्ये एक माणूस हवाच, आईची पिशवी घ्यायला.