चूल, गॅस की इंडक्शन? गावच्या घरात कशावर काय तापवावं

मार्चात वन्संचा फोन आला. "वहिनी, गणपतीआधी आम्ही दोघं कायमचे गावी येतोय. स्वयंपाकघर नव्याने करायचंय. ह्यांचं म्हणणं, सगळं विजेवरच करू, सिलिंडरची कटकट नको. मला वाटतं गॅस बरा. आणि ह्यांच्या आईंची चूल मोडायची की ठेवायची? तू रोज करतेस, तूच सांग."

आमचं गाव दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या पुढे. ठाण्या-मुंबईहून परत येणारी घरं आता दर वर्षी दोन-चार तरी असतात आणि प्रत्येक घरात हाच प्रश्न पडतो. म्हणून वन्संना जे सांगितलं ते जरा नीट मांडते.

पहिली गोष्ट मी त्यांना सांगितली ती अशी: वन्सं, आधी न्हाणीघराचं ठरवा, स्वयंपाकघराचं मग बघू.

सिलिंडर खातं कोण?

आमच्या घरात पाच माणसं. सिलिंडर साधारण 35 दिवस जातो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात न्हाणीवरची कौलं सरकली, खाली रचलेलं सगळं सरपण भिजलं, आणि महिनाभर अंघोळीचं पाणी गॅसवर तापवावं लागलं. तेव्हा सिलिंडर जेमतेम 20 दिवसांत संपला. गॅस कमी भरलाय अशी मला शंका आली, म्हणून पुढचा सिलिंडर काजू-बी तोलायच्या लटकत्या काट्याला अडकवला. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या कड्याजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. आमच्यावर 15.3 किलो होतं, आत 14.2 किलो गॅस, म्हणजे काट्यावर 29.5 दिसायला हवं. तेवढंच दिसलं. गॅस पुरा होता. मग दर रविवारी तो तोलत गेले तेव्हा कळलं की गॅस पाण्यात जात होता.

हिशेब सोपा आहे. एका माणसाला 20 लिटर पाणी 25 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला जवळजवळ अर्धा युनिट उष्णता लागते. गॅसच्या शेगडीवर निम्म्याहून थोडी जास्त उष्णता भांड्यात जाते, बाकी बाजूने उडते. म्हणजे एका अंघोळीला 55 ते 60 ग्रॅम गॅस. पाच माणसांचा महिन्याचा साडेआठ किलो होतो. अर्ध्याहून जास्त सिलिंडर नुसता अंगावर ओतला जातो. डाळ किती वेळ उकळली, चहा कितीदा झाला, यावरून घरात बायकांना बोलणी बसतात आणि खरा खर्च न्हाणीत होत असतो. हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

आता पाण्याचे पर्याय. विजेच्या गीझरला एका अंघोळीला साधारण अर्धा युनिट, म्हणजे दोन माणसांचे महिन्याला 30 युनिट. वन्संच्या घरी हे परवडेल. आमच्यासारख्या पाच माणसांच्या घरात 75 युनिट होतात आणि बिल वरच्या टप्प्यात जातं. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात बसवूच नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. बसवायचाच तर न्हाणीच्या बाहेर, उघड्यावर.

छपरावरचा सौर बंब कागदावर फार चांगला दिसतो. घाटावर तो चांगला चालतोही. आपल्याकडे मात्र एप्रिल-मेमध्ये टाकीतलं पाणीच कोमट असतं, तेव्हा त्याचा उपयोग नाही. जून ते सप्टेंबर ढग, तेव्हा तो तापत नाही. उरले थंडीचे तीन-चार महिने. त्यात कौलारू घराला तो बसवायला सपाट जागा नसते, आणि वानरं छपरावरून उड्या मारताना काचेच्या नळ्या फोडतात. शेजारच्या घरी दोन वर्षांत दोनदा नळ्या बदलल्या. मी तरी घेऊ नका म्हणेन.

राहिली न्हाणीतली चूल किंवा बंब. ज्यांच्या आगरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, दहा-बारा माड आहेत त्यांनी दुसरं काही शोधू नये. माडाची महिन्याला साधारण एक झावळी पडते. शिवाय सोडणं (नारळाची सालं), करवंट्या, पोया, पोफळीच्या विऱ्या, आंब्या-काजूच्या फांद्या असतातच. दोन माणसांच्या पाण्याला दिवसाला दीड-दोन किलो वाळकं जळण पुरतं. हे सगळं एरवी आगरात पडून कुजतं किंवा कोपऱ्यात पेटवून दिलं जातं. अट दोनच: जळण वाळलेलं हवं आणि धूर बाहेर जायला वाट हवी. ओल्या सोडणाची बरीच ऊब त्यातलं पाणी वाळवण्यातच जाते आणि डोळ्यांत धूर तेवढा राहतो. म्हणून आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, बेगमीत मीठ-मसाल्याइतकंच सरपणाला महत्त्व असतं. मेअखेर ते पडवीत किंवा मांगरात रचून व्हायलाच हवं.

मग स्वयंपाकही चुलीवर का नको?

वन्संच्या यजमानांचा हा प्रश्न रास्त होता. जळण फुकट असेल तर सगळंच चुलीवर करा की.

याला माझं उत्तर सासूबाई आहेत. चाळीस वर्षं त्या चुलीपुढे बसल्या. पहाटेची पेज, दुपारचा भात, रात्रीचं कालवण, सगळं खाली वाकून फुंकणीने. आता रात्री दोन वाजता खोकला सुरू झाला की उजाडेपर्यंत थांबत नाही. तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं, "आजी, तपकीर-विडीचं काही व्यसन?" त्यांनी आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. न्हाणीची चूल अर्धा तास जळते, आणि तिच्यापाशी कुणी बसून राहत नाही. स्वयंपाकाच्या चुलीपुढे मात्र तीन-चार तास चेहरा धुरात असतो. दोन्ही चुलींत जळण तेच, पण फरक फार मोठा आहे. माझ्या मुलीने तो धूर घ्यावा असं मला वाटत नाही, आणि तुमच्याही कुणी घेऊ नये.

जळण विकत घ्यायचं असेल तर पैशाचा मुद्दाही उरत नाही. साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा जेमतेम आठवा-दहावा हिस्सा भांड्याला लागतो. एका सिलिंडरचं काम करायला सुमारे 200 किलो वाळकं लाकूड लागतं, म्हणजे डोक्यावरच्या आठ-दहा मोळ्या. तुमच्याकडे मोळीचा भाव काय आहे त्याला दहाने गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशी ताडून बघा.

तरीही चूल मोडू नका, असंच मी सांगितलं. त्याचं कारण पुढे येतं.

गॅस की इंडक्शन: आपल्या बिलावरून काढा

इथे लोक ऐकीव बोलतात. कुणी म्हणतं वीज स्वस्त, कुणी म्हणतं गॅस. खरं उत्तर प्रत्येक घराचं वेगळं असतं आणि ते दोन मिनिटांत निघतं.

14.2 किलोचा सिलिंडर शेगडीवर जेवढं शिजवतो, तेवढं इंडक्शनवर शिजवायला साधारण 135 युनिट लागतात. तेव्हा सिलिंडरच्या किमतीला 135 ने भागा. समजा सिलिंडर 900 रुपयांना पडतो, तर उत्तर आलं 6 रुपये 67 पैसे. तुमचा युनिट यापेक्षा स्वस्त असेल तर इंडक्शन, महाग असेल तर गॅस.

पण कोणता युनिट? इथेच सगळे चुकतात. पूर्ण बिलाला युनिटांनी भागू नका. स्थिर आकार तुम्ही इंडक्शन लावा न लावा, द्यावाच लागतो, तो सोडून द्या. बघायचा तो शेवटच्या युनिटचा दर. घरगुती बिलात 100 युनिटपर्यंत एक दर, 101 ते 300 ला त्याहून बराच चढा, पुढे 301 ते 500 आणि 500 च्या वर आणखी. तुम्ही ज्या टप्प्यात आहात त्याचा वीज आकार घ्या, त्यात वहन आकार मिळवा, इंधन समायोजन आकार असेल तर तोही, आणि वर 16 टक्के वीज शुल्क. तो तुमचा खरा दर.

वन्संच्या घरी दोन माणसं, पंखे, फ्रिज, टीव्ही, विहिरीवरचा पंप मिळून 70 युनिटच्या आसपास जातील. म्हणजे पहिल्या टप्प्यातले 30 युनिट शिल्लक. हे 30 इंडक्शनवर वापरले तर बचत निश्चित आहे. एका युनिटमध्ये जवळजवळ दहा लिटर पाण्याला आधण येतं. दिवसाला एक युनिट म्हणजे दोन्ही वेळचा चहा, दूध आणि डाळ-भाताचा एक कुकर आरामात. याच्या पलीकडे सगळा स्वयंपाक विजेवर नेला की युनिट वरच्या टप्प्यात जातात आणि तिथे गॅस स्वस्त ठरण्याचीच शक्यता जास्त. शिवाय हेच 30 युनिट गीझरलाही हवे असतात. म्हणूनच मी आधी न्हाणीचं ठरवा म्हटलं. पाणी बंबावर गेलं की स्वस्त युनिट स्वयंपाकाला मोकळे होतात.

पैशापलीकडच्याही गोष्टी आहेत. अॅल्युमिनियमचे टोप, तांब्या-पितळेची भांडी, मातीचं मडकं इंडक्शनवर चालत नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तर चालेल, नाही तर नाही. बिडाचा तवा चालतो, पण घावणा मधे करपतो आणि कडेला पांढरा राहतो, कारण खालचं वेटोळं लहान असतं. भाकरी फुगवायला ज्योतच लागते. माशाचं कालवण मडक्यात करायची सवय असेल तर ते गॅसवरच. डाळ, दूध, चहा, अंडी, पेज यांना मात्र इंडक्शनसारखं काही नाही. उकडा तांदूळ रात्री भिजत घालून सकाळी पेजेला लावला तर गॅसवर काय आणि इंडक्शनवर काय, वेळ बराच वाचतो.

जुन्या घराचं वायरिंग आधी दाखवून घ्या. इंडक्शन 2000 वॅटचं असतं, ते साध्या लहान सॉकेटवर लावू नये. 16 अँपिअरचं सॉकेट आणि नीट अर्थिंग हवं. वाडीच्या टोकाच्या घरांना संध्याकाळी दाब कमी मिळतो, तेव्हा ते मधेच बंद पडतं. विजा कडकडायला लागल्या की आधी त्याची पिन काढायची.

सगळं विजेवर का नाही

3 जून 2020 चं निसर्ग वादळ वन्संनी ठाण्याहून फोनवर ऐकलं, आम्ही इथे बघितलं. माड-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले, आणि कित्येक वाड्यांत आठवड्यांमागून आठवडे वीज नव्हती. रस्ते बंद, त्यामुळे सिलिंडरची गाडीही येईना. त्या दिवसांत अंगणात पडलेल्या झावळ्यांवरच आमचं जेवण शिजलं. पुढच्याच मेमध्ये तौक्ते आलं. वादळ सोडा, साध्या जूनच्या पहिल्या पावसातही इथे वीज दिवसभर जाते. म्हणून कोकणात एकाच इंधनावर घर उभं करू नये. मागच्या पडवीत एक चूल जिवंत ठेवावी, आणि गॅसची दुसरी टाकी भरलेली असावी.

गुरं असतील त्यांच्यासाठी गोबरगॅस हा या सगळ्याहून वरचा पर्याय आहे. 25 किलो शेणापासून दिवसाला साधारण एक घनमीटर गॅस मिळतो, आणि एक घनमीटर म्हणजे जवळजवळ 450 ग्रॅम सिलिंडरचा गॅस. दोन घनमीटरचं संयंत्र नीट चाललं तर महिन्याला दोन सिलिंडरच्या जवळपास जातं, शिवाय मळी माडांना आणि केळींना. पण आपली गावठी गुरं अंगाने लहान, आणि दिवसभर रानात सोडलेली. शेण रानातच पडतं, गोठ्यात येतं ते निम्मं. त्यामुळे दोन गुरांच्या भरवशावर हे बांधू नका. वन्संकडे एकही जनावर नाही, तेव्हा त्यांच्यापुरता हा विषय तिथेच संपला.

छपरावरच्या सौर विजेचं गणित मात्र वेगळं आहे. केंद्राच्या सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटला 60,000 आणि 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं. छपरावर अशी वीज तयार होत असेल तर वरचा भागाकार विसरा आणि इंडक्शन बेलाशक वापरा. वन्संचं कौलारू छप्पर आणि वर वाकलेले माड बघता सावलीच फार पडेल, म्हणून त्यांनी तूर्त तो विचार बाजूला ठेवलाय.

त्यांचं शेवटी ठरलं ते असं: दोन टाक्यांचा गॅस, एक इंडक्शन फक्त चहा-दूध-कुकरला, मागच्या पडवीतली चूल तशीच, आणि गीझर नाही. आईंच्या वेळचा तांब्याचा बंब माळ्यावर होता. खालची जाळी गंजली होती आणि एका सांध्यातून पाणी झिरपत होतं. दापोलीला नेऊन तो झाळून आणला, जाळी नवी बसवली. ती दोघं येतील तेव्हा भर पावसाळा असेल आणि त्यांच्या आगरातली सोडणं तेव्हा वाळायची नाहीत. म्हणून एप्रिलपासूनच मी ती त्यांच्या पडवीत, खाली दोन ओंडके घालून, भिंतीपासून वीतभर सोडून रचायला घेतली आहेत.