म्हाताऱ्या मांजराचे दात: ब्रश की पाण्यातलं औषध?

ताई, तुझी मनी 12 वर्षांची, तेव्हा आधी हे ऐक, दातांवरचा दगडासारखा घट्ट झालेला पिवळा थर ब्रशने किंवा पिण्याच्या पाण्यात मिसळायच्या औषधाने, दोन्हींनी निघत नाही, तो डॉक्टरच भूल देऊन काढतात. नवीन थर धरू नये म्हणून मात्र ब्रशच भारी, कारण मऊ थर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो. खर्च कमी, पेस्ट मांजरांचीच हवी (आपली नको!), पण मेहनत रोजची, आमच्या बोक्याने आठवडाभर ओरबाडलं, मग बोटाला उकडलेल्या बांगड्याचं बिनमिठाचं पाणी लावून सवय लावली.

औषध सोपं, पण गुण कमी, बाटली सारखी सारखी आणावी लागते, आणि चव आवडली नाही तर मांजर पाणीच कमी पितं, रत्नागिरीच्या उकाड्यात म्हातारीला ते नकोच.

तोंडाला हात लावू देत असेल तर ब्रश, अजिबातच नाही तर औषध. हिरड्या लाल दिसल्या तर दोन्ही राहू दे, आधी डॉक्टर गाठ.