कोपऱ्यातलं कपाट: वाड्याचं सागवान, नवं सागवान की बांधावरची बाभूळ?

बैठकीच्या कोपऱ्यात तिकोनी कपाट करायचं म्हटलं की लातूर-नांदेडकडं तीन वाटा दिसतात. पाडलेल्या वाड्याचं सागवान उचलायचं, वखारीतून नवं आणायचं, नाहीतर बांधावरची बाभूळ किंवा लिंब (कडुनिंब) चिरून घ्यायचा. पहिल्या आणि तिसऱ्या वाटेनं मी स्वतः गेलोय.

लाकडाच्या आधी कोपरा मोजा. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरच्या भिंती काटकोनात असतीलच असं नाही. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर, दुसरीवर ४ फुटांवर खूण करा. दोन खुणांत बरोबर ५ फूट भरले तर काटकोन. आमच्याकडं ५ फूट १ इंच भरले. एवढ्यानंही २ फुटांच्या बाजूच्या टोकाशी पाऊण इंचाहून जास्त फट पडली असती. शेवटी कोपऱ्यात पुठ्ठा बसवून साचा कापला आणि सुताराला सांगितलं, गुण्या (काटकोन बघायची पट्टी) बाजूला ठेवा, यावरूनच कापा. आणखी एक: दोन्ही बाजू २ फूट धरल्या तर समोरचं तोंड जवळपास ३४ इंच होतं. दाराचा एवढा एकच पल्ला बिजागरीला जड जातो, दोन करा.

वाड्याचं सागवान माझ्या मते पहिलं. कितीतरी उन्हाळे-पावसाळे खाल्लेलं असतं, आता वाकायचं ते वाकून झालेलं असतं. वरचा काळा थर रंध्यानं निघाला की आतून सोनेरी रेषा येतात आणि चामड्यासारखा वास सुटतो. त्रास खिळ्यांचा. मोडलेला खिळा आत राहिला तर करवतीचे दात गेलेच. जुनी भोकं आणि रंध्यात जाणारी जाडी धरून लाकूड जरा जास्तच घ्या.

नवं सागवान घेताना कडेचा पिवळट-पांढरा भाग बघा. वाळवीला सागवान पचत नाही ते गाभ्याचं, कडेचं नव्हे. स्वतःच्या शेतातला साग तोडायचा असला तरी परवानगी लागते, १९६४चा झाडतोडीचा कायदा आहे.

बाभूळ स्वस्त पडते, पण सुताराचा जीव खाते. उगाच नाही तिच्या गाड्या आणि नांगर व्हायचे! फळ्यांच्या टोकांना रंग फासून, मधे पट्ट्या घालून सावलीत दोन उन्हाळे ठेवायची तयारी असेल तरच हात घाला. लिंब कापायला सोपा, पण तडकतो. माझ्या पहिल्या कपाटात लिंबाचे दिल्हे (दाराच्या चौकटीत बसणाऱ्या फळ्या) चौकटीच्या खाचेत सरसानं पक्के चिकटवले होते. मे महिन्यात रात्री काडकन आवाज आला. सकाळी दिल्हा उभा चिरलेला. दिल्हा खाचेत मोकळाच ठेवायचा, लाकूड कुठलंही असो.

आता रंग. जुन्या सागवानाला स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावणं म्हणजे चांगल्या पुरणपोळीवर साखर पेरणं. चपडा (लाखेचे पापुद्रे) स्पिरिटमध्ये भिजवून कापडाच्या बोळ्यानं पातळ हात द्या, पुरे. मात्र त्यावर गरम चहाचा कप ठेवला की पांढरा डाग पडतो. वर फुलदाणी किंवा पाण्याचा तांब्या राहणार असेल तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) यांचं टणक पॉलिश बरं. नव्या सागवानात गाभा आणि कड यांचा रंग जुळत नसेल तिथं स्टेन कामाला येतो. आधी थिनरचं फडकं फिरवा, कारण सागवानाच्या अंगात तेल असतं. लिंबालाही स्टेन हवाच, पण आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर लावून, वाळवून बघा. बाभळीला जवसाचं तेल शोभतं. फक्त ओली असताना लोखंड लावू नका, काळे डाग पडतात. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. पसरून वाळवा.

पॉलिश पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत चपडा पांढुरका पडतो. चैत्र-वैशाखात ओल्या हातावर धूळ बसते. आम्ही दिवाळीनंतर केलं.