वोकी एसएम१० : कुठली वेज घ्यावी, कुठली दुकानातच राहू द्यावी

टायटलिस्ट या गोल्फ कंपनीच्या वोकी एसएम१० मालिकेतली कुठलीही वेज (हिरवळीजवळच्या छोट्या, उंच शॉटांचा क्लब) हातात घ्या, तिची ओळख ५६.१४ एफ अशा धाटणीत दिलेली असते. ५६ हा लॉफ्ट, म्हणजे फेसचा (बॉलला लागणाऱ्या पृष्ठभागाचा) तिरपेपणा अंशांत, १४ हा बाउन्स (तो पुढे येईलच) आणि शेवटचं अक्षर म्हणजे ग्राइंड, सोल (क्लबचा तळ) कुठून किती घासून काढलाय ते. दुकानात मात्र विचारणा होते ती पहिल्याच आकड्याची. "छप्पन आहे का?" आहे म्हटलं की बिल होतं. पैसे वसूल होणार की पाण्यात जाणार, हे ठरतं उरलेल्या दोन गोष्टींवर.

एसएम१० २०२४ साली बाजारात आली. ६२ अंशांपर्यंत दोन-दोनच्या टप्प्याने लॉफ्ट आणि त्यात निरनिराळे बाउन्स-ग्राइंड, इतकी मोठी निवड फार थोड्या कंपन्या देतात. बनावट उत्तम आहे, यात वाद नाही. पण निवड मोठी म्हणजे चुकायला जागाही मोठी, म्हणून आधी लॉफ्टचा हिशोब घालून घ्या.

सुरुवात आपल्या पिचिंग वेजपासून, म्हणजे आयर्नच्या सेटसोबत येणाऱ्या वेजपासून करायची. तिच्यावर बहुधा नुसतं 'पी' लिहिलेलं असतं आणि त्या 'पी'चा अर्थ सेटनुसार पार बदलतो. टायटलिस्ट टी१०० ची पिचिंग वेज ४६ अंशांची, टेलरमेड पी७९० ची ४५, टेलरमेड स्टेल्थची ४३, तर पिंग जी४३० ची थेट ४१. आता "५२ आणि ५६ घे" हा सरसकट सल्ला लावून बघा. टी१०० वाल्याला तो चालतो. जी४३० वाल्याच्या बॅगेत मात्र ४१ नंतर एकदम ५२ येते, मध्ये अकरा अंशांचं भगदाड. त्या भगदाडात ९० ते ११० यार्डांचे शॉट अडकतात आणि मग पिचिंग वेज दाबून, नाहीतर ५२ जीव तोडून मारावी लागते. दोन वेजेसमध्ये चार ते सहा अंश ठेवले की साधारण १० ते १५ यार्डांचं अंतर पडतं. ४१ वाल्याला ४६, ५०, ५४, ५८ असं लावावं लागेल. ४३ वाल्याला ४८, ५२ (किंवा ५४) आणि ५८. ४६ वाल्याला ५०, ५४, ५८. बॅगेत एकूण क्लब १४ च चालतात, म्हणून वेज वाढली की लांब शॉटांचा एखादा क्लब, लाँग आयर्न किंवा फेअरवे वूड, काढावा लागतो. हौशी खेळाडूसाठी हा सौदा जवळजवळ नेहमीच फायद्याचा असतो.

छापील लॉफ्टवर विसंबू नका, सरावाच्या रेंजवर मोजा. पिचिंग वेजने पूर्ण स्विंगचे दहा बॉल मारा. सगळ्यात लांब गेलेले दोन आणि सगळ्यात फसलेले दोन सोडा, उरलेल्या सहांचा कॅरी म्हणजे हवेतलं अंतर धरा. बॉल घरंगळत गेलेलं अंतर यात धरायचं नाही. रेंजवरचे बॉल झिजलेले असतात, तेव्हा आकडा थोडा कमी येईल. आपल्याला हवा असतो तो दोन क्लबांमधला फरक, आणि तो बरोबर कळतो.

आता बाउन्स. शाफ्ट (क्लबचा दांडा) सरळ उभा धरला की वेजची पुढची धार जमिनीपासून किंचित वर राहते आणि सोलचा मागचा भाग आधी टेकतो. त्या उताराचा कोन म्हणजे बाउन्स. क्लब जमिनीत रुतू न देता पुढे सरकवणं हे त्याचं काम. अमेरिकी गोल्फपटू जीन सॅराझेनने निब्लिकच्या (त्या काळच्या जास्त लॉफ्टच्या क्लबच्या) तळाला झाळ चढवून सोल जाड केला आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली. आजची सँड वेज (वाळूसाठीची वेज) त्याच कल्पनेवर उभी आहे. इतकं जुनं तत्त्व असूनही बाउन्सकडे सर्वांत कमी लक्ष जातं.

ढोबळ नियम असा: स्विंग वरून खाली तिरपा उतरत असेल, डिव्हट (उखडलेला गवताचा तुकडा) खोल आणि वहीएवढा निघत असेल तर १२ ते १४ बाउन्स. गवत नुसतं झाडल्यासारखं होत असेल तर ६ ते ८. पण आकडा कागदावरचा आहे हे विसरू नका. बॉल उजव्या पायाकडे ठेवून हात दहा अंश पुढे झुकवले की १४ चा बाउन्स जमिनीला भेटताना जेमतेम ४ उरतो. चिप, म्हणजे हिरवळीलगतचा छोटा शॉट, मारताना ही सवय आपल्याकडे फार दिसते. नेमकं हेच करणारा माणूस फॅट शॉटला (बॉलआधी जमीन लागण्याला) कंटाळून "कमी बाउन्सची द्या" म्हणतो आणि त्याची धार आणखीच रुतते. उलट फेस उघडला, म्हणजे वरच्या दिशेला वळवला, की लॉफ्टही वाढतो, बाउन्सही वाढतो.

आपल्या हवामानात खरी मेख पुढेच आहे. खारघर असो की पुणे, पावसाळ्यात फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) मऊ होतो आणि तिथे जास्त बाउन्स हवा, नाहीतर धार थेट चिखलात. पण त्याच दिवशी बंकरमधली वाळू भिजून घट्ट बसलेली असते. तिच्यावर १४ बाउन्सचा रुंद सोल आपटून उडतो आणि धार बॉलच्या पोटात लागते. बॉल बंकरच्या समोरच्या काठावर, नाहीतर ग्रीनच्या (होलभोवतीच्या हिरवळीच्या) पलीकडे. एप्रिल-मेमध्ये सगळं उलटतं: माती टणक, गवत उघडंबोडकं, त्यामुळे फेअरवेवर कमी बाउन्स बरा. वाळू मात्र कोरडी भुसभुशीत, तिथे जास्तच हवा. म्हणजे एकच बाउन्स वर्षभर सगळीकडे चालणार नाही. म्हणून सँड वेज आणि तिच्याहून जास्त लॉफ्टची वेज या दोघींचे बाउन्स मुद्दाम वेगळे ठेवा. ५४ किंवा ५६ ला १२ ते १४, आणि ५८ ला ८ ते १०. पावसात फेअरवेवर पहिली, बंकरमध्ये दुसरी. उन्हाळ्यात अदलाबदल. दोन्ही वेजेस एकाच बाउन्सच्या घेणं ही आम्हाला सर्वांत महागडी चूक वाटते.

एसएम१० मध्ये ही जोडी लावणं सोपं आहे. एफ ग्राइंड म्हणजे पूर्ण सोल, फेस न उघडता, सरळ ठेवून पूर्ण शॉट मारणाऱ्यांसाठी. ५२ पर्यंत दुसरं काही शोधूच नका, ५०.०८ एफ किंवा ५२.०८ एफ डोळे मिटून घ्या. एस ग्राइंड त्याच्या एक पाऊल पुढे: मागची कड घासलेली असल्याने फेस थोडा उघडता येतो. एम ग्राइंडला टाच, टोक आणि मागची कड तिन्हीकडून सोल उतरवलेला असतो. फेस उघडूनही पुढची धार जमिनीलगत राहते, पण हे त्याच्यासाठी ज्याचा स्विंग उथळ आहे आणि जो फेस खरोखर उघडतो. ५६.०८ एम दिसायला देखणी म्हणून उचलली जाते आणि खणणाऱ्या हातात ती कुदळ होते. डी ग्राइंडचा आकार एमसारखा, बाउन्स मात्र भरपूर. तिरपा स्विंग असून हिरवळीभोवती थोडी कलाकारी करणाऱ्याला ५६.१२ डी फार छान जमते. के हा सगळ्यात रुंद सोल. बंकरची धास्ती असेल तर ५८.१४ के कोरड्या वाळूतून जवळजवळ आपोआप बॉल काढते. टी ग्राइंडची ६०.०४ कडक, बारीक कापलेल्या गवतासाठी आणि रोज सराव करणाऱ्या हातांसाठी आहे. रविवारच्या खेळाला तिचा उपयोग नाही.

हँडीकॅप (खेळाच्या पातळीचा आकडा, जितका जास्त तितका खेळ कच्चा) अठराच्या वर असेल तर वोकीऐवजी क्लीव्हलंडची सीबीएक्स४ झिपकोर बघा, असं आम्ही स्पष्ट सांगू. तिची पाठ पोकळ आहे, वजन कडांकडे नेलेलं आहे आणि होझलच्या (शाफ्ट बसतो त्या नळीच्या) आत हलका गाभा घातला आहे. टोकाकडे लागलेला शॉट वोकीवर दहा यार्ड तोकडा पडत असेल तर इथे त्यातले काही वाचतात. सोलही क्षमाशील आहे. वोकीइतके ग्राइंड मिळत नाहीत, पण या टप्प्यावर त्यांची गरजही नसते.

शाफ्टचा मुद्दा दुकानदार सहसा काढत नाहीत. एसएम१० सोबत येणारा डायनॅमिक गोल्ड एस२०० हा स्टील शाफ्ट सुमारे १३० ग्रॅमचा आहे. तुमच्या आयर्नमध्ये ६५ ग्रॅमचा ग्रॅफाइट असेल तर नऊ नंबर मारून लगेच वेज हातात घेतल्यावर लोखंडी पहार धरल्यासारखं वाटतं. ताल बिघडतो, पूर्ण शॉट उजवीकडे निसटतो. अशा वेळी ५० पर्यंतची वेज सेटमधलीच घ्या आणि वरच्या दोन हलक्या शाफ्टमध्ये मागवा. थांबावं लागलं तरी चालेल.

लॉफ्ट वाकवून घेता येतो, पण दोन अंशांच्या पुढे जाऊ नका. ५६ ची ५४ केली की बाउन्सही दोनाने घटतो. १४ ची १२ झाली तर बिघडत नाही, ८ ची ६ झाली तर चिखलात कळेल.

६० ची वेज बहुतेकांना लागत नाही. पूर्ण स्विंगमध्ये बॉल फेसवरून वर सरकतो आणि अंतर हातात राहत नाही. ५८ चा फेस थोडा उघडला की तेच काम होतं.

फिनिशबाबत एकच सूचना. रॉ फिनिश गंजतो, तो गंजण्यासाठीच बिनलेपाचा ठेवलेला असतो. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत पंधरवड्यात तांबूस होईल. गंजाने स्पिन वाढतो हा गैरसमज आहे, फायदा एवढाच की उन्हात फेस चमकत नाही. गंज नको असेल तर टूर क्रोम घ्या.

स्पिन येतो तो फेसवरच्या खाचांच्या धारेतून आणि बॉलच्या आवरणातून. टणक आवरणाचा स्वस्त टू-पीस बॉल खेळणाऱ्याने नव्या वेजवर पैसे घालण्याआधी युरेथेन आवरणाचा बॉल आणावा, फरक पहिल्याच चिपला दिसेल. खाचा झिजतात. वोकीकडूनच ७५ राउंडच्या आसपास वेज तपासायला किंवा बदलायला सांगतात. त्यांना वेज विकायच्याच आहेत, तरी रोज बंकरचा सराव असेल तर सल्ला खोटा नाही. घरी तपासायचं तर नखाचं टोक खाचेच्या कडेवरून फिरवा. अडकलं तर ठीक, नुसतं घसरलं तर कड गोल झाली. खाचा कोरायचं हत्यार मात्र वापरू नका. २०१० पासून खाचांच्या मापावर नियम कडक आहेत आणि घरी कोरलेली वेज स्पर्धेत बाद ठरू शकते. प्रत्येक शॉटनंतर ओल्या टॉवेलने फेस पुसा, खाचांतली माती टीच्या टोकाने काढा. पावसाळ्यात कोरडा टॉवेल वेगळा ठेवा, कारण फेस आणि बॉलच्या मध्ये पाणी राहिलं की बॉल वर चढतो, स्पिन धरत नाही आणि ग्रीनवर थांबायचं नाव घेत नाही.