गणिताची ऑनलाइन चाचणी: गूगल फॉर्म की मूडल?

आमचं गाव दिग्रसजवळ. दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात आली की वर्गातली कितीतरी लेकरं शेतात असतात. घरातला मोबाइल बापाच्या खिशात, तो घरी येतो दिवेलागणीला. गणिताची ऑनलाइन चाचणी मला या लेकरांसाठी हवी असते. म्हणून कुठलं साधन घ्यावं असं विचारणाऱ्या शिक्षकाला मी आधी विचारतो, तुमचे प्रश्न पर्यायांचे आहेत, की उत्तर मुलांनी स्वतः काढून लिहायचं आहे?

पर्यायांचे असतील तर गूगल फॉर्म पुरे. तासाभरात चाचणी तयार होते, लिंक व्हॉट्सॲपवर जाते, गुण आपोआप शीटमध्ये येतात. सर्व्हर नको, खर्च नको. वर्गमूळ किंवा अपूर्णांकांचं समीकरण नीट दिसायला हवं तर वहीत लिहून फोटो जोडा. तो पर्यायांनाही जोडता येतो.

अडचण येते लघुउत्तरात. तिथे फॉर्म उत्तर सोडवून पाहत नाही, आपण दिलेल्या बरोबर उत्तरांच्या सूचीतल्या मजकुराशी जुळवतो. संभाव्यतेच्या एका प्रश्नाला मी सूचीत फक्त ०.५ टाकलं होतं. एका मुलीनं १/२ लिहिलं आणि तिचा गुण गेला. दुसऱ्या दिवशी वही घेऊन ती टेबलाशी आली. "सर, माह्यं उत्तर काऊन चूक दाखवते?" तिचं बरोबरच होतं, चूक माझ्या सूचीत होती. आता मी अशा प्रश्नाला उत्तराची सगळी रूपं टाकतो, इंग्रजी अंकांतली आणि देवनागरी अंकांतलीही. वीस प्रश्नांना हे करून पाहा, म्हणजे वेळ कुठे जातो ते कळेल.

मूडल ही ऑनलाइन वर्ग चालवायची आणि चाचण्या घ्यायची प्रणाली, २००२ पासून आहे, मोफत आणि मुक्तस्रोत. त्यातल्या संख्यात्मक प्रश्नात किती फरक चालेल ते ठरवता येतं. ७ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ २२/७ घेतलं तर १५४ येतं, ३.१४ घेतलं तर १५३.८६. उत्तर १५४ ठेवून ०.२ फरक चालेल असं सांगितलं की दोन्ही मुलांना गुण मिळतात.

पण मी मूडलकडे वळलो ते 'कॅल्क्युलेटेड' प्रश्नासाठी. अंकगणिती श्रेढीचं पहिलं पद आणि सामान्य फरक महिरपी कंसात अक्षरांनी लिहायचे, उत्तराच्या जागी 'पहिलं पद अधिक १४ गुणिले फरक' हे सूत्र द्यायचं आणि संख्या कुठून कुठवर घ्यायच्या ते सांगायचं. मग एकाला ४ आणि ३ येतात, १५ वं पद ४६. शेजारच्याला ७ आणि ५, त्याचं ७७. चौघं एका पारावर बसली तरी उत्तर उतरवता येत नाही, रीत मात्र एकमेकांना समजावतात. मला तेच हवं असतं. त्रिकोणमितीत एक जपा: सूत्रातला कोन रेडियनमध्ये धरला जातो, अंशांचं रूपांतर आपण करायचं.

नेटवर्कचं म्हणाल तर फॉर्म पाठवायला ते लागतंच. मूडलच्या ॲपमध्ये चाचणी उतरवून शेतात सोडवता येते, नेटवर्क आलं की उत्तरं जातात. त्यासाठी ऑफलाइनची परवानगी चालू हवी, वेळेची मर्यादा नको आणि निकाल शेवटी दाखवण्याची पद्धत निवडलेली हवी.

'अवयव पाडा' असा प्रश्न असेल तर स्टॅक हे मूडलचं जोड-साधन पाहा. मॅक्सिमा या बीजगणिती प्रणालीच्या आधारानं ते (क्ष−२)(क्ष−३) आणि (क्ष−३)(क्ष−२) दोन्ही बरोबर धरतं, आणि नुसतं विस्तारित रूप लिहिलं तर अवयव पाडले नाहीत हेही ओळखू शकतं. पण मॅक्सिमा सर्व्हरवर बसवावं लागतं, ते माहितगाराचं काम.

मूडलला सर्व्हरवर जागा लागते, ती भाड्यानं घ्या किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर मूडलबॉक्स ही तयार मूडल प्रणाली बसवा. तो छोटासा डबा स्वतःच वायफाय देतो, शाळेत इंटरनेट नसलं तरी चालतं. एकटे असाल, महिन्याला एखादी चाचणी असेल तर या खटाटोपात पडू नका. दोन-तीन शाळांचे गणित शिक्षक मिळून प्रश्नपेढी करणार असाल तर मूडलच घ्या, कारण एकदा केलेला प्रश्न दरवर्षी नव्या संख्यांनी वापरता येतो.

काहीही निवडा, आधी दोन प्रश्नांची सराव चाचणी द्या आणि मुलं चौकटीत काय लिहितात ते बघा. '१५४ चौसेमी' लिहिणारी निघतीलच; 'फक्त संख्या, इंग्रजी अंकांत' ही सूचना प्रश्नातच हवी.